भाड्यासाठीं घर घेतांना : पाहणी, हिशेब आणि घासाघीस

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी म्हण आहे. बांधलेलें घर विकत घेणाऱ्याची, आणि तेंहि स्वतः राहण्यासाठीं नव्हे तर भाड्यानें देण्यासाठीं घेणाऱ्याची, दखल या म्हणीनें घेतलेली नाहीं. वस्तुतः या मनुष्याची अडचण अधिक नाजूक असते. राहत्या घरासाठीं चार पैसे अधिक गेले तरी सकाळचें ऊन, जवळची शाळा, चांगला शेजार यांच्या रूपानें कांहीं तरी पदरांत पडतें. भाड्याच्या घरांत अधिक गेलेला रुपया दरमहा परत येण्याची वाट एकच, ती म्हणजे भाडें. आणि भाडें किती मिळावयाचें हें बाजार ठरवितो, मालकाचा खर्च किती झाला यावर तें मुळींच अवलंबून नसतें.

मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाला हा व्यवहार नवा नाहीं. गिरगांव-दादरच्या कितीतरी चाळी भाड्याच्या उत्पन्नासाठींच उभ्या राहिल्या. पुढें १९४७ सालच्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें सर्वसाधारणपणें १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हेंच प्रमाण भाडें ठरविलें, आणि दुरुस्तीचा खर्च वाढत असतांना उत्पन्न मात्र जागच्या जागीं राहिलें. त्यांतून वाट काढण्यासाठीं 'लीव्ह अँड लायसेन्स'ची पद्धति रूढ झाली. पण १९७३ सालच्या दुरुस्तीनें, त्या वर्षीं १ फेब्रुवारीला जागेंत असलेल्या परवानाधारकांनाहि भाडेकरूंचें संरक्षण मिळालें. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९, अंमलांत आहे. त्याप्रमाणें करार लेखी आणि नोंदणी केलेला असावाच लागतो व ती जबाबदारी मालकाची असते. राहण्यासाठीं जागा घेतलेल्या परवानाधारकानें मुदत संपल्यावर ती परत केली पाहिजे. न केल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई देण्यास तो पात्र होतो. उलट, संरक्षित भाडेकरूचें भाडें दरवर्षीं शेंकडा ४ पेक्षां अधिक वाढवितां येत नाहीं. म्हणून जुनें घर पाहतांना पहिला प्रश्न भिंतींविषयीं नसून माणसांविषयीं असावा : आंत कोण राहतें, आणि कोणत्या हक्कानें? आंत संरक्षित भाडेकरू असेल तर तो सौदाच निराळा. येथें विचार करावयाचा तो रिकाम्या, किंवा परवान्यानें दिलेल्या, घराचा.

उदाहरणादाखल पुण्यांतील एक निवृत्त मुख्याध्यापिका घ्याव्या. निवृत्तिवेतनांत त्यांचा महिन्याचा खर्च भागतो. आयुष्यभराची शिल्लक आणि गांवाकडील जमिनीच्या वाट्याचे आलेले पैसे यांतून, आजारपणासाठीं राखून ठेवावयाची रक्कम वजा जातां, साडेचौसष्ट लाख रुपये त्यांना घरांत घालतां येण्यासारखे आहेत. त्याहून एक रुपयाहि नाहीं. एका उपनगरांत १९९४ सालीं बांधलेल्या, सोळा बिऱ्हाडांच्या सोसायटींत सर्वांत वरच्या मजल्यावरची सदनिका विकाऊ आहे. मागणी साठ लाखांची. तशा जागेला त्या भागांत महिना वीस हजार भाडें मिळतें. (हे आणि पुढचे घराचे आकडे केवळ रीत दाखविण्यापुरते आहेत; प्रत्येकानें आपल्या गल्लींतले आकडे त्यांच्या जागीं घालावयाचे.)

वीस हजारांची बारापट म्हणजे दोन लाख चाळीस हजार, हा हिशेब दलाल जिना चढतां चढतां तोंडींच करून दाखवितो. तो खोटा नसतो, अपुरा असतो. वर्षांतून एक महिना जागा रिकामी पडेल असें धरलें तर हातीं येतात २,२०,००० रुपये. त्यांतून सोसायटीचें सेवाशुल्क वर्षाला २४,००० गेलें. मालक स्वतः राहत नाहीं म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते. शासनाच्या २००१ सालच्या आदेशाप्रमाणें तें सेवाशुल्काच्या शेंकडा १० पेक्षां अधिक असतां कामा नये, म्हणजे २,४०० रुपये. मिळकतकराच्या बाबतींत पुष्कळांची फसगत होते. पुणें महानगरपालिका मालक स्वतः राहत असेल तर शेंकडा ४० ची सवलत देते. घर भाड्यानें गेलें कीं ती सवलत जाते. विकणाऱ्यानें आपली ७,२०० रुपयांची पावती दाखविली तर घेणारीनें मनांत सुमारें १२,००० धरावे. किरकोळ दुरुस्तीचे १८,००० आणि दर दोन वर्षांनीं नवा भाडेकरू आणणाऱ्या दलालाचे, वर्षाच्या हिशेबानें, १०,००० मिळविले म्हणजे एकूण वजावट ६६,४०० होते. उरतात १,५३,६०० रुपये, महिन्याला १२,८००. त्यावरचा आयकर वेगळाच. त्यांत भरलेला मिळकतकर आणि उरलेल्या रकमेवर शेंकडा ३० सरसकट वजावट मिळते, एवढेंच येथें सांगणें पुरे.

हा १२,८०० चा आकडा बाईंनीं एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्यें ठेवावा. पुढच्या सगळ्या घासाघिशीचें माप तोच आहे. 'एखाद्या लाखासाठीं कशाला अडतां?' असें सौद्याच्या बैठकींत कोणी तरी म्हणतोच. त्या वेळीं एक लाख म्हणजे जवळजवळ आठ महिन्यांचें निव्वळ भाडें, हें ज्याला आठवतें त्याची जीभ सैल सुटत नाहीं. साठ लाख आणि चोपन्न लाख यांतलें अंतर लाखांत मोजलें तर सहा दिसतें. भाड्यांत मोजलें तर तें जवळजवळ चार वर्षांचें उत्पन्न आहे.

आतां पाहणी. घर दोनदां पाहावें, एकदां भर पावसांत; आणि तिसऱ्यांदा जाणत्या स्थापत्य-अभियंत्याला बरोबर घेऊन. नवा रंग दिसला तर आनंद मानण्याचें कारण नाहीं. एकाच खोलीच्या एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर तेथें काय झांकलें आहे हें विचारावें. भिंतीवर पोपडे, मिठासारखी पांढरी भुकटी किंवा पिवळट कडा असलेले डाग ही ओलीची सही समजावी. ओल कोठून येते हें शोधणें हें खरें काम. छताच्या मधोमध असेल तर गच्चीचा जलरोधक थर गेला असावा. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीच्या तळाशीं असेल तर मोरीचा. फरशीवर नाण्यानें ठोकून पाहिलें कीं खालीं पोकळी असल्यास आवाज बदलतो. सगळे नळ एकदम सोडावे, मोरींत बादलीभर पाणी ओतून किती वेळांत जातें तें पाहावें. दाराच्या व खिडक्यांच्या लांकडी चौकटींवर बोटानें दाबून पाहावें; वाळवी लागलेलें लांकूड रंगाखालीं कागदासारखें दबतें. विजेच्या फळीवर गळतीचा प्रवाह तोडणारी 'ई.एल.सी.बी.' आहे कीं नाहीं, तारा किती जुन्या आहेत, तिसरी तार खरोखर जमिनीपर्यंत पोंचते कीं नुसती भोकें तीन आहेत, हें तारतंत्र्याकडून तपासून घ्यावें.

पण सर्वांत उपयोगी पाहणी त्या घरांत होतच नाहीं. ती खालच्या मजल्यावर होते. खालच्या बिऱ्हाडाची घंटा वाजवून, 'वरची जागा घेण्याचा विचार आहे, आपल्या न्हाणीघराचें छत जरा पाहूं द्याल का?' असें नम्रपणें विचारलें तर शंभरांतलीं नव्वद माणसें दार उघडतात, आणि त्यांतलीं बहुतेक चहाहि देतात. वरच्याच्या गळतीची हकीगत सांगण्यास उत्सुक नसलेला खालचा शेजारी अजून जन्माला यावयाचा आहे. दुसरी जागा म्हणजे तळमजल्याचे वाहनतळाचे खांब. तेथें काँक्रीटला उभ्या, सळीच्या रेषेंत जाणाऱ्या भेगा पडल्या असतील, तुकडे सुटून तांबूस सळया दिसत असतील, तर तो प्रकार गिलाव्याच्या केसाएवढ्या भेगांसारखा क्षुल्लक नव्हे. लोखंड गंजलें कीं गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आंतून फोडतो. एकदां फुटलें कीं पाणी व हवा आंत जाऊन तेंच काम अधिक वेगानें चालतें.

तिसरी जागा म्हणजे सोसायटीची कचेरी. गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद, सर्वसाधारण सभांचीं इतिवृत्तें, सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधि यांच्या शिलका, थकबाकीदारांची यादी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचें स्ट्रक्चरल ऑडिट दर पांच वर्षांनीं, आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचें दर तीन वर्षांनीं झालें पाहिजे. १९९४ ची इमारत या दुसऱ्या वर्गांत पडते. अहवाल नसेल तर 'नाहीं' हें उत्तरहि लिहून घ्यावें; तोहि एक प्रकारचा अहवालच आहे. हीं कागदपत्रें घेणाऱ्याला थेट मागतां येत नाहींत, सभासद या नात्यानें विकणाऱ्यानें तीं मागवून द्यावयाचीं असतात. जो विकणारा यासाठीं आठवडाभर टाळाटाळ करतो त्याची टाळाटाळहि हिशेबांत घ्यावी.

समजा, पाहणींत असें निघालें. न्हाणीघर खालीं गळतें : फरशी काढून जलरोधन व नवे नळ, खर्च १,२०,०००. विजेच्या तारा बदलणें ७०,०००. वाळवीच्या चौकटी व ओट्याखालचें काम ४०,०००. गच्चीची गळती : सोसायटीनें आठ लाखांचें काम सभेंत मंजूर केलें आहे, सोळावा हिस्सा ५०,०००. खांबांच्या दुरुस्तीचा अभियंत्याचा अंदाज दरसभासद १,५०,०००. शिवाय सगळ्या घराला रंग, ४५,०००.

या सहा बाबी एका पंक्तींत बसवून सौद्याला जाणें ही नवख्याची चूक होय. रंगाचा खर्च मागूंच नये. तीस वर्षांच्या घराला रंग लागतो हें पहिल्या भेटींतच दिसत होतें, आणि साठ लाखांच्या मागणींत जुनेपणा धरलेलाच आहे. असल्या क्षुल्लक मागणीनें खऱ्या मागण्यांचें वजन कमी होतें; विकणारा पंचेचाळीस हजारांवर रागावतो आणि सव्वा लाखाचें बोलणें राहून जातें. न्हाणीघर, तारा आणि लांकूडकाम या तिन्ही बाबी या सदनिकेच्या, पाहणींत निघालेल्या आणि अंदाजपत्रक दाखवून सिद्ध करतां येणाऱ्या आहेत. त्या पुऱ्या मागाव्या. गच्चीची गळती कायद्यानें सोसायटीची जबाबदारी, न्हाणीघराची आंतली गळती मात्र वरच्या-खालच्या सभासदांनीं आपसांत निस्तरावयाची, हा आदर्श उपविधींतला भेद ध्यानांत ठेवावा. 'सोसायटी करील' हें गच्चीपुरतें खरें, पण सोसायटी म्हणजे तरी सोळा खिसे, आणि त्यांतला एक उद्यां बाईंचा.

खांबांची गोष्ट थोडी किचकट आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाकडे झालेल्या विक्रीदस्तांची 'सूची क्रमांक दोन', म्हणजे लोकांच्या तोंडचा 'इंडेक्स टू', कोणालाहि पाहतां येतो. दलालाच्या तोंडच्या भावापेक्षां हा कागद अधिक विश्वासाचा. त्यांत याच इमारतींतली दुसऱ्या मजल्यावरची सदनिका गेल्या वर्षीं ५८ लाखांना गेल्याचें दिसलें असें समजूं या. तेव्हां पाया ६० नव्हे, ५८. परंतु खांब तेव्हांहि तेच होते. त्या खरेदीदारानें गंज पाहून भाव पाडला असेल तर ५८ मधून तो खर्च पुन्हां वजा करणें म्हणजे एकच दोष दोनदां विकणें होईल. त्यानें खांबांकडे पाहिलेंच नसेल तर वजावट रास्त ठरते. खरें काय तें कळण्याचा मार्ग सहसा नसतो. म्हणून शहाणा मनुष्य येथें एक आकडा न धरतां दोन धरतो.

त्याप्रमाणें बाईंचा हिशेब असा होतो. घरांतल्या तीन बाबी २,३०,०००. सामायिक दोन बाबी २,००,०००. भिंत फोडल्यावर आंत काय निघेल याचा भरंवसा नाहीं म्हणून या ४,३०,००० वर शेंकडा १५ प्रमाणें सुमारें ६५,०००. आणि काम चालू असतांना दोन महिने जागा रिकामी राहील त्याचे ४०,०००. हा शेवटचा आकडा जवळजवळ प्रत्येकजण विसरतो, कारण त्याचें बिल कोणी आणून देत नाहीं. एकूण ५,३५,०००. अठ्ठावन्न लाखांतून तो वजा केला तर ५२,६५,००० उरतात. सामायिक दोष पूर्वींच्या भावांत धरले गेले होते असें मानलें तर ५४,६५,०००. रास्त किंमत या दोहोंच्या दरम्यान कोठें तरी आहे.

पण रास्त किंमत आणि परवडणारी किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सौदा चोपन्न लाखांना झाला असें धरून सगळा खर्च मांडूं या. पुण्यांत मुद्रांकशुल्क स्थानिक अधिभारासह शेंकडा ७. घेणारी स्त्री असल्यास एक टक्का सवलत, म्हणून ६ : तीन लाख चोवीस हजार. नोंदणीफी शेंकडा एक, पण तीस हजारांहून अधिक नाहीं. दलाली शेंकडा एक : ५४,०००. हक्काचा शोध घेणारे वकील २५,०००, पाहणीचा अभियंता १५,०००, सोसायटीचें हस्तांतरण अधिमूल्य महानगरपालिका-हद्दींत जास्तींत जास्त २५,०००. येथपर्यंत ५८,७३,०००. घरांतली दुरुस्ती व रंग २,७५,०००; सोसायटीच्या वर्गण्या २,००,०००; अकल्पितासाठीं ६५,०००. बेरीज ६४,१३,०००. चोपन्न लाखांचें घर चौसष्ट लाखांना पडतें तें असें. बाईंची मर्यादा साडेचौसष्ट; आणि किमतींत वाढलेल्या प्रत्येक रुपयावर शुल्क व दलाली मिळून सात पैसे आणखी जातात. म्हणजे सव्वाचोपन्न लाखांच्या पुढें त्यांना जातां येत नाहीं, मग घर कितीहि आवडलेलें असो.

याच ठिकाणीं एक अप्रिय बेरीज करून पाहावी. वर्षाचें निव्वळ उत्पन्न १,५३,६००, गुंतलेली रक्कम ६४,१३,००० : व्याज पडलें शेंकडा २.४. बँकेच्या मुदतठेवींत याहून पुष्कळ अधिक मिळतें. भाडें कालांतरानें वाढतें, घराची किंमतहि वाढूं शकते, ठेवीचें मुद्दल मात्र महागाईनें झिजतें, हें उत्तर बरोबर आहे. पण किंमत वाढेलच याची हमी कोणी लिहून देत नाहीं. ज्याला दरमहाच्या उत्पन्नावर चूल पेटवावयाची आहे त्यानें हा आकडा पाहून माघार घेतली तर तो भित्रा ठरत नाहीं. बाईंना निवृत्तिवेतन आहे आणि घर पुढें मुलीला द्यावयाचें आहे, म्हणून त्या पुढें जातात.

कर्ज काढून घेणाऱ्याची गोष्ट याहून कठीण. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें तीस लाखांच्या वर व पंचाहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला मालमत्तेच्या मूल्याच्या शेंकडा ८० पर्यंतच रक्कम मिळते, आणि असल्या किमतीच्या घराच्या मूल्यांत मुद्रांक-नोंदणी धरली जात नाहीं. दुरुस्तीसकट तो सारा भार घरच्या पैशांवर. चाळीस लाखांचें कर्ज साडेआठ टक्क्यांनीं वीस वर्षांसाठीं घेतलें तर हप्ता सुमारें ३४,७०० रुपये येतो. भाड्यांतून सुटतात १२,८००. उरलेले जवळजवळ बावीस हजार दरमहा पगारांतून घालण्याची तयारी असेल तरच त्या वाटेला जावें.

आतां बैठक. ती शक्य तों विकाऊ घरांत होऊं नये. तेथें यजमानपण विकणाऱ्याकडे जातें. बरोबर अभियंत्याचा लेखी अहवाल, दोन कंत्राटदारांचीं अंदाजपत्रकें आणि इंडेक्स टूचा उतारा असावा. दलाल गोड बोलेल, पण त्याचें गणित ओळखून असावें : किंमत लाखानें उतरली तर त्याचे हजार रुपये जातात, सौदा मोडला तर चोपन्न हजार जातात. म्हणून त्याला किमतीपेक्षां सौदा प्यारा. आणि ही गोष्ट घेणाऱ्याच्या उपयोगाचीहि पडते. विकणाऱ्याची निकड कळली तर अधिक उत्तम. त्यानें दुसरीकडे घर घेतलें असेल, हप्ते चालू झाले असतील, आणि ही जागा चार महिने रिकामी असेल, तर कर्जाच्या मंजुरीची वाट न पाहतां रोकठोक धनादेश देणारी खरेदीदारीण त्याला लाख-दीड लाखांनीं अधिक मोलाची वाटते.

बाईंनीं बावन्नपासून सुरुवात केली असें समजावें. विकणारे गृहस्थ म्हणतात, "अहो बाई, इमारत जुनी आहे हें तुम्हांला आधींच ठाऊक होतें."

"जुनी आहे हें ठाऊक होतें, म्हणून रंगाचे पैसे मी मागितलेच नाहींत," बाई अहवाल पुढें सरकवितात. "खालच्या मजल्यावर पाणी उतरतें हें मात्र आपण सांगितलें नव्हतें."

यानंतर गप्प बसावें. गप्प बसणें फार जड जातें, विशेषतः ज्यांनीं जन्मभर वर्गांत बोलण्याचें काम केलें त्यांना. पण अहवालाचें काम अहवालाला करूं द्यावें. विकणारा न्हाणीघर स्वतः दुरुस्त करून देण्याचें कबूल करतो, तें सहसा घेऊं नये. घर सोडून जाणाऱ्याची दुरुस्ती फरशीच्या वरून होते, खालून नव्हे. पैसे उतरवून घ्यावे आणि काम आपल्या देखरेखीखालीं करावें.

गृहस्थ साठांवरून सत्तावन, सत्तावनवरून साडेचोपन्न असे उतरतात आणि तेथें पाय रोवतात. बाईंची मर्यादा सव्वाचोपन्न. येथें सौदा मोडावयाचा काय? मोडण्याची तयारी हवीच. पण आधीं किमतीच्या बाहेर पाहावें. गच्चीच्या कामाचा ठराव विक्रीच्या आधीं झाला आहे, तेव्हां ती पन्नास हजारांची वर्गणी विकणाऱ्यानें भरावी. हस्तांतरण अधिमूल्याचे पंचवीस हजारहि त्यानेंच द्यावे. गृहस्थांचा साडेचोपन्नांचा आकडा राहतो, मानहि राहतो. बाईंचा एकूण खर्च मात्र ६३,९२,००० वर येतो. म्हणजे चोपन्नांना सौदा होऊन सगळें स्वतः भरण्यापेक्षां कमी. खांबांच्या खर्चाचा ठराव अजून व्हावयाचा असल्यानें तो बाईंच्याच वांट्याला राहिला. तेवढ्यासाठीं त्यांनीं आपल्या बेरजेंत रक्कम धरलेलीच आहे.

या सुमारास एक जुना पाहुणा हमखास येतो. 'कागदावर पन्नास दाखवा, बाकीचे रोख द्या, आणखी लाखभर सोडतो.' हा लाख घेऊं नये. स्थावराच्या व्यवहारांत वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्यानें मनाई आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा असतो. शिवाय मुद्रांकशुल्क करारांतली किंमत आणि सरकारी वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणें येणारी किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतें. करारांतली किंमत त्या तक्त्याच्या फार खालीं, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक फरकानें गेली तर तो फरक घेणाऱ्याचें उत्पन्न समजून त्यावर कर लागूं शकतो. प्रामाणिक घासाघिशींतहि हा 'रेडी रेकनर'चा आकडा आधीं पाहून ठेवावा. पुढें बाईंनीं किंवा त्यांच्या मुलीनें घर विकलें तर कागदावरचा कमी आकडाच नफा फुगवून दाखवील, तें आणखी वेगळें.

विसारपावती करतांना रक्कम लहान ठेवावी आणि अटी मोठ्या. हक्काचा शोध निर्वेध न निघाल्यास, किंवा सोसायटीची येणें-बाकी व ठराव यांविषयींचीं पत्रें न मिळाल्यास विसार परत मिळावा, असें स्पष्ट लिहून घ्यावें. ठरलेल्या वर्गण्या कोणी भरावयाच्या तेंहि तेथेंच यावें. तोंडी कबुली करारनाम्याच्या दिवसापर्यंत टिकत नाहीं. आंत परवानाधारक राहत असेल तर त्याचा नोंदलेला करार पाहावा आणि त्याची अनामत किमतींतून वळती करून घ्यावी, कारण जागा सोडतांना तो ती नव्या मालकाकडे मागणार. आणि किंमत पन्नास लाख किंवा अधिक असल्यानें घेणाऱ्यानेंच विकणाऱ्याच्या रकमेंतून शेंकडा एक, येथें ५४,५०० रुपये, आयकरासाठीं कापून सरकारांत भरावयाचे असतात. हें विसरलें तर व्याजाचा भुर्दंड बाईंवर.

ताबा घेण्याच्या दिवशीं अहवालाची प्रत हातांत घेऊन पुन्हां एकदां सगळें घर फिरावें. पाहणीच्या वेळीं असलेले पंखे, गिझर आणि नळ आहेत त्या जागीं आहेत ना, वीज-मापकाचा आकडा किती, किल्ल्यांचे जुडगे किती मिळाले, हें तेथल्या तेथें कागदावर उतरवून दोघांनीं सही करावी. मग जिना उतरतांना खालच्या मजल्यावरची घंटा वाजवून, न्हाणीघराचें काम कोणत्या तारखेला सुरू होणार तें त्या बिऱ्हाडाला सांगून ठेवावें.